लंगोट कोण धुणार?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. माझी थोरली मुलगी अमरावतीला नर्सिंगचं शिक्षण घेते. १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो आणि त्यासाठी तिच्या वर्गाला तक्ते तयार करायचे होते. रविवारी ती घरी रिद्धपूरला आली, बैठकीत कार्डशीट पसरलं आणि स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहू लागली. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. त्यानंतर घरचं अन्न सुरू करून दोन वर्षं आणि पुढेही आईचं दूध. जागतिक आरोग्य संघटनेचा हाच सल्ला आहे.

मी बाजूला बसून डाळ निवडत होते. मान वर न करताच तिने विचारलं, "अम्मी, मुझे कितने दिन पिलाया था?"

"दीड महिना," मी म्हणाले.

"और छोटी को?"

"दोन वर्षं. पूर्ण."

तिने पेनाला टोपण लावलं. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग जे विचारलं त्याची मला कल्पना नव्हती. "मेरे वक्त अब्बा कहाँ थे?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. "होते की," एवढंच म्हणून मी डाळीचं सूप घेऊन आत गेले. त्या प्रश्नाचं उत्तर आज लिहिते आहे. आमच्या घरात मुलं वाढवण्याची आणि राहण्याची रीत वीस वर्षांत हळूहळू कशी बदलली, ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही.

२००२ मध्ये मी बीएड झाले. २००५ मध्ये थोरली झाली तेव्हा आम्ही अमरावतीत एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी एका विनाअनुदानित शाळेत उर्दू आणि मराठी शिकवत होते. पगार तुटपुंजा, नोकरीची खात्री नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्यात रुजू व्हा, नाहीतर जागा भरू, असा निरोप आला. मुलांचे अब्बा मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानात कामाला होते. सकाळी नऊला जायचे आणि रात्री नऊला यायचे. सासूबाई गावी होत्या. बाळ दिवसभर घरमालकिणीच्या मुलीकडे राहायचं.

मग पावडरचा डबा आला, बाटली आली. १९९२ साली आपल्या देशात एक कायदा झाला. त्यानुसार अशा डब्यावर आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम असल्याचं छापावं लागतं, आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र टाकता येत नाही. माझ्या डब्यावर ते वाक्य होतं. भाषेची शिक्षिका मी, ते वाक्य रोज वाचायचे आणि त्याच डब्यातून पावडर काढायचे. वाचता न येणाऱ्या बाईला निदान रोज ते टोचत तरी नसेल.

पाचव्या महिन्यात बाळाला जुलाब लागले. पाच दिवस दवाखान्यात काढले. सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. तिथे मला विचारलं गेलं, "बाटली कशाला दिली? शिकलेल्या दिसता." प्रश्न चूक नव्हता. बाटलीचं बूच कितीही धुतलं तरी त्याच्या कडेला दूध राहतं आणि पाणी उकळलेलं नसलं की जंतू वाढतात. पण तो प्रश्न फक्त मला विचारला गेला. रजा न देणाऱ्या शाळेला कोणी विचारलं नाही. बाजूला उभ्या असलेल्या बाळाच्या बापालाही नाही.

काही वर्षांनी मला अनुदानित शाळेत जागा मिळाली, मुलांच्या अब्बांनी गावातच स्वतःचं मोटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आम्ही रिद्धपूरला राहायला आलो. रिद्धपूर म्हणजे महानुभाव पंथाची काशी. लीळाचरित्र इथेच लिहिलं गेलं, म्हणून मराठी भाषा विद्यापीठही आता इथे सुरू झालं आहे. आमच्या शेजारी एक महानुभाव आजी राहतात. आमच्या घरी गोश्त शिजतं त्या दिवशी त्या खिडकी लावून घेतात आणि ईदला शीरखुर्मा मात्र वाटी पुढे करून मागतात. पुढे त्यांचा विषय येणार आहे, म्हणून आधीच सांगितलं.

२०१० मध्ये मुलगा झाला. यावेळी सहा महिन्यांची पगारी रजा होती. बाटली घरात आणायची नाही, हे मी ठरवलंच होतं आणि ते निभावलं. पण थोरलीच्या वेळचं अपराधीपण होतं म्हणून की काय, मुलाचं सगळं "चांगलं" करायचं असा हट्ट धरला. शहरातल्या नातेवाइकांकडे डायपर पाहिले होते. रात्री बाळ ओलं होत नाही, झोपमोड नाही. आम्हीही सुरू केले. वापरलेले डायपर पिशवीत गुंडाळून घरामागच्या उकिरड्यावर टाकायचे. गावात कचऱ्याची दुसरी जागा तरी कोणती?

तो उकिरडा ज्या शेतकऱ्याच्या वाटचा होता, ते काका पावसाळ्याआधी खत वाहून वावरात पसरवतात. मे महिन्यात एका सकाळी ते दारात उभे. फावड्याच्या टोकावर काहीतरी फुगलेलं, पांढरं लोंबकळत होतं.

"मॅडम, तुमच्या पोट्ट्याचे डायपर माह्या वावरात निघाले नं! कापूस पेराव का हेच पेराव?"

आम्ही हसलो, तेही हसले. पण ते गेल्यावर मी हिशेब केला. दिवसाला तीन धरले तरी वर्षाला हजाराच्या वर होतात. बाहेरून प्लॅस्टिक आणि आत पाणी शोषून फुगणारी रासायनिक भुकटी. शेणखत वर्षभरात माती होतं. हे मात्र आमच्या हयातीत कुजणार नाही. ज्या वावरातली ज्वारी आम्ही पायलीने विकत घेतो, त्याच वावरात आम्ही आमच्या बाळाची घाण कायमची पुरत होतो. कुरआनमध्ये उधळपट्टीला, म्हणजे इस्राफला, सक्त मनाई आहे. इस्राफ म्हटलं की आपल्याला लग्नातलं वाया गेलेलं अन्न आठवतं. मला तेव्हापासून ते फावडं आठवतं.

मग लंगोट शिवले. माझ्या जुन्या सुती ओढण्या, सासूबाईंची विरलेली लुगडी, आणि शेजारच्या आजींनी त्यांच्या मालकांचं एक धोतर दिलं. "नवं कापड टोचते लेकराले, जुनंच पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. दोन डझन लंगोट, सहा दुपटी, दोन गुदड्या. खर्च शिलाईच्या दोऱ्याचा.

इथपर्यंत ऐकून लोक वाहवा करतात. पण खरी अडचण पुढेच आहे. लंगोट धुणार कोण?

रजा संपून मी शाळेत जाऊ लागले. सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणतो. त्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते. घरी आलं की बादलीत पंधरा-वीस लंगोट वाट पाहत असायचे. मग स्वयंपाक, मग थोरलीचा अभ्यास, मग वह्या तपासणं. चौथ्या दिवशी मी बादलीजवळ बसून रडले आणि नवऱ्याला म्हणाले, "एक तर उद्या डायपरचं पाकीट आणा, नाहीतर हे तुम्ही धुवा." निसर्ग वाचवायचा, माती वाचवायची आणि त्यासाठी पाठ फक्त एका बाईची मोडायची, हे मला मान्य नव्हतं.

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फजरच्या अजानच्या आधी उठून, अंधारात, त्यांनी लंगोट धुतले. अंधारात का, तर कोणी पाहू नये म्हणून. वाळतही घातले ते आतल्या पडवीत, उन्हात नाही. दोन दिवसांत लंगोटांना कुबट वास येऊ लागला. तेव्हा मी सांगितलं, की धुतलेलं पुण्य उन्हात वाळवावं लागेल. नाइलाजाने ते दोरीवर लंगोट घालू लागले आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या आजींनी पाहिलं. आता गावभर होणार, असं ते मला म्हणाले.

आजी कुंपणापाशी आल्या. "लाजतं काहून रे बाबू? आमच्या राऊळाले हे गाव माय बी म्हने अन् बाप बी म्हने. तू थोडासाक माय झाला तर काय बिघडलं?"

राऊळ म्हणजे गोविंदप्रभू. तेराव्या शतकात ते याच गावात राहिले आणि गावाने त्यांना आई आणि बाप ही दोन्ही नावं दिली. आजींच्या दृष्टीने ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. अम्मांना मात्र मुलाने लंगोट धुणं पटत नव्हतं. त्यांना मी हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना काय करत, असं हजरत आयशा (र.) यांना विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं, की ते घरच्यांच्या कामात मदत करत आणि नमाजची वेळ झाली की निघत. ते आपली चप्पल स्वतः सांधत, कपडा स्वतः शिवत, असंही रिवायतींत आहे. अम्मा बराच वेळ तसबीह फिरवत बसल्या. नंतर त्यांनी त्या विषयावर कधीच काही म्हटलं नाही.

त्याच सुमारास मी सूरह अल-बकराची २३३वी आयत पुन्हा एकदा, यावेळी सावकाश वाचली. दोन वर्षं दूध पाजण्याबद्दल बोलायचं झालं की आपल्याकडे हीच आयत सांगितली जाते. बयानांमध्ये ती बायकांना ऐकवली जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर थांबते. मीही ती अर्धीच लक्षात ठेवली होती. ज्यांना मुदत पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी दोन वर्षं, हा पहिला भाग. पण लगेच पुढे त्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी रीतसर बापावर टाकलेली आहे. कोणावरही त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं नको, असं सांगितलं आहे. बाळावरून आईला त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये. दूध लवकर तोडायचं असेल तर दोघांनी एकमेकांच्या संमतीने आणि मसलतीने तोडावं, त्यात गुन्हा नाही. दुसऱ्या बाईकडून पाजून घ्यायचं असेल तर तिचा मोबदला द्यावा.

वाचून मी पुस्तक मिटलं तेव्हा मला दवाखान्यातला तो प्रश्न आठवला. दीड महिन्यात दूध तुटलं, ते ना संमतीने ना मसलतीने. ते पगाराने आणि नोकरीच्या भीतीने तुटलं. आणि ज्याच्यावर जबाबदारी होती तो माणूस रात्री नऊला घरी यायचा, कारण त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. मी ती आयत रात्री मुलांच्या अब्बांना पूर्ण वाचून दाखवली. "हे मला आधी का नाही सांगितलं कोणी?" ते म्हणाले. मी म्हटलं, मलाही नाही सांगितलं.

धाकटी २०१६ मध्ये झाली, तोवर आमचं घर पुष्कळ सरावलं होतं. तेच लंगोट पेटीतून निघाले. याबद्दल ब्रिटनमधला एक सरकारी अभ्यास सांगण्यासारखा आहे. त्यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की एका बाळाला अडीच वर्षं डायपर वापरले तर साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइड इतका भार हवेवर पडतो आणि कापडी लंगोट वापरले तर साधारण ५७० किलो. म्हणजे जवळपास सारखाच! कारण तिथे लोक गरम पाण्यात यंत्राने धुतात आणि काही वेळा यंत्रानेच वाळवतात. पण मशीन पूर्ण भरून धुतली, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर हा भार सुमारे २०० किलोने कमी होतो. कापड आपोआप पुण्यवान होत नाही, ते कसं वापरतो त्यावर ठरतं. वऱ्हाडात यंत्र कशाला हवं? आमचं एप्रिलचं ऊन अर्ध्या तासात गुदडीसुद्धा वाळवतं.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. तिथे विहिरीचं पाणी खारट, गोड पाणी मोजून वापरायचं हे मी लहानपणापासून पाहिलं. रिद्धपूरच्या बाजूचा वरूड-मोरशीचा संत्रापट्टा भूजलाचा अतिउपसा झालेला म्हणून सरकारी नोंदीत आहे. मुलांचे अब्बा बोअरच्या मोटरी काढतात आणि सोडतात. दरवर्षी पाइप वाढवावे लागतात, असं ते सांगतात. अशा ठिकाणी लंगोटांसाठी पाणी ओतायचं तर दुसरीकडे वाचवायला हवं. लंगोट खंगाळलेलं शेवटचं पाणी गोडलिंबाच्या आणि पपईच्या झाडाला जाऊ लागलं. आणि एका रमजानमध्ये आम्ही वुजूचं पाणी मोजलं.

प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीकाठी असलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, अशीही शिकवण आहे. मुलाने नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखा वुजू केला. सहा लिटर भरलं. मग लोट्याने केला. सव्वा लिटर. पाऊण लिटरवर आमच्यापैकी कोणी आलं नाही, पण नळावर वुजू करणं तेव्हापासून बंद झालं. मुलं आजही एकमेकांशी पैजा लावतात. घरातली कोणतीही सवय भाषणाने बदलली नाही. जे मोजलं तेच बदललं.

धाकटी तीन महिन्यांची असताना मला टायफॉइड झाला. ताप, अशक्तपणा, दूध आटल्यासारखं. पावडरचा डबा पुन्हा आठवला. त्यावेळी माझ्या जाऊबाईंचं बाळ पाच महिन्यांचं होतं. आम्ही चौघांनी बसून मसलत केली आणि नऊ दिवस धाकटी त्यांच्या अंगावर प्याली. प्रेषितांनाही (स.) हलीमा सादिया यांनी दूध पाजलं होतं, त्यामुळे आपल्याला ही गोष्ट परकी नाही. पण यात जबाबदारी असते. हनफी मताप्रमाणे एकदा पाजलं तरी दुधाचं नातं जडतं. जाऊबाईंची सगळी मुलं धाकटीचे दूधभाऊ आणि दूधबहिणी झाली, त्यांच्यात निकाह होऊ शकत नाही. आपल्याकडे चुलतभावंडांत लग्नं होतात, म्हणून हे तारखेसह वहीत लिहून दोन्ही घरांत ठेवलं आहे. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांनी कमी वजनाच्या कितीतरी बाळांना आधार दिला. त्यावर उलेमांमध्ये जी मतभिन्नता आहे, ती या दुधाच्या नात्यामुळेच.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण "नैसर्गिक" या शब्दाने मीही एकदा फसले आहे.

मुलाच्या वेळी अम्मांनी परंपरेप्रमाणे शेगडी ठेवली होती. निखाऱ्यांवर ओवा, लसणाची सालं, लोबान. दारं-खिडक्या बंद. सगळं कसं आयुर्वेदिक, घरचं, बिनरसायनाचं! विसाव्या दिवशी बाळाची छाती घरघरू लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. रात्री दोन वाजता गाडी करून अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, घरात धूर करता का? नवजात बाळाच्या फुप्फुसाला लाकडाचा काय आणि लोबानचा काय, धूर हा धूरच. त्या रात्री गाडीत बाळाचे श्वास मोजत मी जितकी दुआ मागितली तितकी आयुष्यात मागितली नसेल. अल्लाहच्या कृपेने बाळ वाचलं. शेगडी गेली. अम्माच म्हणाल्या, "फेंक दो."

तेव्हापासून आम्ही जुन्या गोष्टी चाळणीतून गाळून घेतो. तेलमालीश राहिलं, पण नाका-कानात तेल सोडणं गेलं. तहनीकसाठी धुतलेल्या बोटाने खजुराचा नावापुरता स्पर्श राहिला, पण घुट्टीतला मध गेला. मधात अशा जिवाणूंची बीजं असू शकतात, की ज्यांच्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार होतो. डोळ्यांतला सुरमा गेला, कारण बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसं असतं. पहिला चीक काढून फेकायची रीत तर आधीच गेली होती. बाळाचं ते पहिलं संरक्षण आहे.

आणि लसीकरण राहिलं. हे मुद्दाम सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या मुलांना शाळेतच लस द्यायची होती. मोबाइलवर अफवा पसरल्या, की या लसीने मुलं पुढे निपुत्रिक होतील. आमच्या उर्दू शाळेत पालक मुलांना घरीच ठेवू लागले. एक बाप मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर सांगता की सगळं नैसर्गिक हवं. मग ही सुई?" मी म्हटलं, गोवरही नैसर्गिकच आहे, भाईजान. लंगोट वापरते म्हणून मी गोवर अंगावर घेणार नाही. मोहिमेच्या दिवशी मी माझ्या तिन्ही मुलांना शाळेत आणलं आणि पालकांसमोर आधी त्यांना लस टोचून घेतली. थोरली तेव्हा तेरा वर्षांची होती. ती हाताला कापूस दाबून रांगेतल्या लहान मुलींना धीर देत होती. ती नर्स होणार, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

घरात बाकीचे बदलही असेच एकेक करून झाले. धाकटीचा अकीका पळसाच्या पत्रावळींवर झाला. थर्माकोलवर राज्याने बंदी आणली ती २०१८ मध्ये, त्याच्या दोन वर्षं आधी. सहा महिन्यांनंतर बाळाला डबाबंद पावडरऐवजी मुगाची घट्ट खिचडी आणि ज्वारीची भाकर दुधात कुस्करून मिळाली. सगळंच जमलं असं नाही. प्रवासात आम्ही डायपर वापरले, आजारपणात वापरले. आमच्याकडे फ्रीज आहे, मोटरसायकल आहे, मुलाच्या हातात मोबाइल आहे. कोणाला उपदेश करावा इतके आम्ही शुद्ध नाही.

आणि जिला जमलं नाही तिला तर मुळीच उपदेश नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजेच्या कायद्यात सव्वीस आठवडे रजा आहे, पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय आहे. पण कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला हा कायदा कुठे भेटतो? ती बाळाला झाडाच्या झोळीत ठेवते आणि तासाच्या रोजात पाजायला येते. तिच्याइतकं नैसर्गिक आणि पर्यावरणपूरक कोण जगतं? तिला आपल्या सल्ल्याची गरज नाही. अर्धा तास सुट्टी, सावली आणि घरी गेल्यावर कोणीतरी भरून ठेवलेली पाण्याची बादली हवी आहे.

आता थोरलीचा प्रश्न.

त्या रविवारी संध्याकाळी मुलांचे अब्बा दुकानातून आले. मी त्यांना सांगितलं, की मुलगी असं विचारत होती. ते हात धुऊन तिच्यासमोर जाऊन बसले. ते फार बोलणारे नाहीत. "बेटा, दुकान में था," ते म्हणाले. "मुझे लगता था, पैसा लाना ही बाप का काम है. तेरी अम्मी अकेली थी. गलती मेरी थी, उसकी नहीं."

थोरलीने काही उत्तर दिलं नाही. तिने तक्ता पुन्हा पुढे ओढला. स्तनपानाचे फायदे लिहून झाले होते, खाली थोडी जागा उरली होती. तिथे तिने लाल पेनाने एक रकाना आखला आणि वर लिहिलं: वडिलांची कामं. मग पेन वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आप बोलो, मैं नहीं लिखती. आप ही लिखो."

त्यांचं मराठी अक्षर वाईट आहे. पहिल्या क्रमांकावर त्यांनी लिहिलं, "लंगोट धुणे." ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मी पुढे झाले आणि थांबले. पहिल्यांदाच त्यांनी बरोबर लिहिलं होतं.